चार फुटांतलं झाड

मारोतराव भोयर छत्तीस वर्षं रेल्वेत स्टेशन मास्तर होते. त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी अशा स्टेशनांवर काढली, जिथं गाडी का थांबली म्हणून गाडीतली माणसं खिडकीतून डोकावून पाहत. रायपूरहून अभनपुरकडे जाणाऱ्या छोट्या लाईनवर तर ते सलग नऊ वर्षं होते. बदल्या बारा झाल्या, बढत्या दोन, आणि अपघात एकही नाही. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, पण त्याचं श्रेय ते स्वतःकडे घेत नसत. ते श्रेय रजिस्टरचं, असं त्यांचं म्हणणं.

रजिस्टरचा नियम साधा. जे आलं ते वेळेसकट लिहायचं, जे गेलं तेही वेळेसकट लिहायचं. आलेली गाडी गेल्याची नोंद झाली नाही, तोवर मागच्या गाडीला लाईन द्यायची नाही. आणि नोंद अर्धवट राहिली तर ती चूक. तिच्यावर लाल शाईची आडवी रेघ मारायची, पुढं ‘नजरचूक’ लिहायचं, सही करायची.

निवृत्त होऊन ते रायपुरात तेलीबांध्याला मुलाच्या घरी राहायला आले, तरी हा नियम सुटला नाही. गॅसचं सिलेंडर, इस्त्रीचे कपडे, सून, सगळ्यांची नोंद त्यांच्या डोक्यात होत असे. सून शर्मिष्ठा नवा रायपूरच्या एका ऑफिसात नोकरीला. ती स्कूटी काढू लागली की ओट्यावरून आवाज येई, “नऊ सतरा. दोन मिनिटं लेट.”

“बाबा, सिग्नल तर द्या ना!” शर्मिष्ठा हेल्मेट अडकवत म्हणे, आणि मारोतराव खरोखर हात वर करत.

घरात एकच माणूस असं होतं जे ना येत होतं ना जात होतं. ती कुसुमताई, मारोतरावांची बायको.

दोन वर्षांपूर्वी माघात त्यांना लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं. त्यातला पाय काठीच्या आधारानं थोडा परत मिळाला, हात नाही. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी लावला होता. खिडकीबाहेर चार फूट रुंदीची मोकळी माती, आणि तिच्यापलीकडे शेजारच्या बंगल्याची सिमेंटची भिंत. रंग नसलेली, सरळ, आठ फूट उंच. कुसुमताई दिवसभर ती भिंत पाहत आणि बोलत नसत.

हे न बोलणं मारोतरावांना लकव्याहून जड जात होतं. कारण ही बाई मूळची बोलकी. वर्ध्याजवळच्या आर्वीची. बारा स्टेशनांवर तिनं बारा गावं जोडली होती. क्वार्टरच्या मागं मेथीचा वाफा घालायची, आणि पालेभाजी देता-घेता आठ दिवसांत सगळ्या गावाची खबर तिच्याकडे. आता दिवसभरात सहा-सात शब्द. पाणी. पंखा. नको. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, “वाचा शाबूत आहे. बोलू शकतात. त्यांना बोलावंसं वाटत नाही, एवढंच. मन लागेल असं काहीतरी समोर असू द्या.”

समोर भिंत होती.

टीव्ही लावून पाहिला. कुसुमताईंनी डोळे मिटून घेतले. पोथी वाचून दाखवली, त्या झोपल्या. मग एका सकाळी भिंतीवर एक चिमणी येऊन बसली. जेमतेम मिनिटभर. तेवढ्या वेळात कुसुमताईंनी उशीवरून मान उचलली होती. मारोतरावांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या मनात झाड आलं.

नेमकं त्याच आठवड्यात विशालनं, त्यांच्या मुलानं, जेवताना विषय काढला. “बाबा, खिडकीसमोरच्या जागेत पेव्हर टाकून घेऊ. चिखल होत नाही, दोन गाड्या उभ्या राहतात.”

“एक झाड लावू दे मले तिथी,” मारोतराव म्हणाले.

विशालनं बापाकडे पाहिलं, मग पुढच्या खोलीकडे. “लावा. पण एकच. भिंत फुटायला नको. आणि पोळ्याच्या आधी. पोळ्यानंतर मिस्त्री येईल, तो झाडाभोवतीची जागा सोडून बाकी बुजवेल.”

म्हणजे खड्डा एक, झाड एक. मारोतराव बहात्तरचे, कुसुमताई अडुसष्टच्या. चुकीचं झाड लागलं, तर ते उपटून दुसरं वाढेपर्यंत थांबायला दोघांकडेही वर्षं नव्हती. मारोतरावांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते अभनपुरच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. नर्सरीवाला पन्नाशीचा, खांद्यावर पंचा, तोंडात पान. त्यानं आधी पाम दाखवला, मग गोल कापलेला फायकस.

“यावर पाखरं येतात?” मारोतरावांनी विचारलं.

“चिड़िया?” तो दुखावल्यासारखा झाला. “अरे नहीं बाबूजी, एकदम साफ़ पेड़ है. कुछ नहीं बैठता इस पे. गारंटी.”

“मले बसणारं पाहिजे.”

नर्सरीवाल्यानं पानाची पिंक टाकली आणि या ग्राहकाकडे नव्यानं पाहिलं. “हव. तब तो बात अलग है.” मग त्यानं विचार करून तीन नावं सांगितली. सिंगापूर चेरी, बॉटलब्रश आणि मधुकामिनी. मधुकामिनी म्हणजे आपली कुंती. पावसाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरते ती. तिन्ही लहान चणीची, तिन्ही दिसायला चांगली. “कौन सा लोगे, आप देख लो.”

आता हे ‘देख लेना’ मारोतराव कसं करणार? दुसऱ्या कोणी पुस्तक पाहिलं असतं, नाहीतर मोबाईलवर विचारलं असतं. मारोतरावांनी दोनशे पानी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. पाखरू, आलं, गेलं, शेरा.

शहरात ही तिन्ही झाडं कुठं मोठी झालेली आहेत ते त्यांनी शोधलं. चेरी तेलीबांध्याच्या तलावाच्या काठी होती. बॉटलब्रश त्यांच्याच गल्लीत एका डॉक्टरांच्या अंगणात. कुंती मात्र लांब, तात्यापाऱ्यात, एका जुन्या घराच्या बुटक्या भिंतीवरून रस्त्याकडे झुकलेली. प्रत्येक झाडाला आठ सकाळी. साडेसहा ते साडेसात. श्रावण चालू असल्यानं एका हातात छत्री, गुडघ्यावर वही, मनगटावर घड्याळ.

“आई, बाबांना काही म्हणा ना,” शर्मिष्ठा सासूच्या केसांत तेल घालताना म्हणाली. “पूरा मोहल्ला पूछ रहा है, अंकल सकाळी सकाळी झाडासमोर बसून काय लिहितात?”

कुसुमताई काही म्हणाल्या नाहीत. पण त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, असं शर्मिष्ठानं रात्री विशालला सांगितलं.

चोवीस सकाळी झाल्या. चेरीवर दोनशे एकतीस पाखरं. बुलबुल, साळुंक्या, तांबट, पोपट, एकामागून एक, नुसती जंक्शनसारखी वर्दळ. बॉटलब्रशवर चौऱ्याण्णव, बहुतेक शिंजीर. आणि कुंतीवर आठ दिवसांत मिळून सतरा. त्यातल्याही नऊ नोंदी लाल रेघेनं कापलेल्या, म्हणजे खऱ्या आठच. आकडे इतके स्पष्ट होते की मारोतरावांना बेरीज पुन्हा तपासावीही लागली नाही. शुक्रवारी त्यांनी नर्सरीवाल्याला फोन करून चेरीचं मोठं रोप सांगितलं. रविवारी दुपारी तो छोट्या गाडीतून पाठवणार होता.

शनिवारी जेवणं झाल्यावर मारोतराव खिडकीबाहेर खड्डा खणायला उतरले. वही कुसुमताईंच्या पलंगावर राहिली होती. अर्धा हात खणून झाला असेल, तोच आतून हाक आली.

“विशालचे बाबा.”

मारोतरावांच्या हातातली कुदळ थांबली. ही हाक त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. ते मातीच्या पायांनीच आत गेले. कुसुमताईंनी डाव्या हातानं वही उशीला टेकवून धरली होती.

“हे खोडलं काहून?”

“चुका हायेत थ्या. पाखरू आलं मनून लिवलं, जाताना दिसलंच नाही. नजर हटली असन माही.”

“चेरीवर दोनशेच्या वर आले. तिथी नाही हटली?”

“नाही हटली,” मारोतराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते जरा चमत्कारिक वाटलं.

कुसुमताई सावकाश बोलत होत्या. जीभ जड होती, पण शब्द नीट लागत होते. “आन हे उलटं. सहा चाळीसले गेला. आला कधी?”

“तेच तं! आलाच नाही, तं गेला कसा? मनून खोडलं.”

कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाजारातून कोथिंबिरीऐवजी भलतंच काही आणलं की त्या पूर्वी जशा पाहायच्या, तसं.

“तुमी जायच्या आंधीपासून तो तिथीच होता,” त्या म्हणाल्या. “आन तुमी उठून आले तरी तिथीच होता. राहून राहिला तो तिथी. घर असन त्याचं.”

मारोतराव वाकून त्या लाल रेघा पाहू लागले.

“आला, गेला. दोनच रकाने तुमचे.” कुसुमताईंनी वही मिटली. “बारा स्टेशनं झाली. गाड्या लिवल्या, मालगाड्या लिवल्या, सायबाची ट्रॉली लिवली. मी कोनत्या रकान्यात व्हतो हो?”

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. थोडा टोमणा होता, थोडं हसूही असावं, पण अर्ध्या तोंडाला ते नीट दाखवता आलं नाही. मारोतराव पलंगाच्या कडेवर बसले. त्यांना एकदम मेथी आठवली. बदलीचा हुकूम कधीही येतो, पेरलेलं आपल्या तोंडी पडेलच असं नाही, हे माहीत असताना या बाईनं प्रत्येक क्वार्टरमागं वाफा घातला होता. दोनदा तर उगवलेली भाजी पुढच्या मास्तराच्या बायकोच्या पदरात घालून ती बैलगाडीत बसली. आणि नव्या जागी पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी विचारलं होतं, पाणी कुठून आणायचं इथं. छत्तीस वर्षं आपण जिथं परत येत होतो, ते घर कोण होऊन राहिलं होतं, हे मारोतरावांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि तोंडानं म्हटलंही नव्हतं. त्यांच्या घरात आभार मानायची रीत नव्हती. त्यांनी तिच्या पायावरची चादर सरळ केली, त्यांच्या हाताची माती चादरीला लागली, आणि कुसुमताई म्हणाल्या, “घान केली ना.”

“मग कोनतं लावू, कुसुम?”

“मले दाखवा आंधी.”

“काय दाखवू?”

“थे झाड. घेऊन चाला मले.”

दोन वर्षांत कुसुमताई दवाखान्याखेरीज उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या. शर्मिष्ठा रोज म्हणायची, तलावापर्यंत चला. त्या मान हलवायच्या. रविवारी सकाळी हे ऐकून ती चहाचा कप तसाच ठेवून उठली. “आई? खुद बोली? सच्ची?” तिनं गाडीची किल्ली घेतली आणि मग गाडी दाराशी लावायला विशालला पिटाळलं, कारण तिला सासूची साडी नेसवायची होती. गाउनवर जायला कुसुमताई तयार नव्हत्या.

साडी, चप्पल, काठी, तीन पायऱ्या, गाडीचं दार. यात अर्धा तास गेला. मारोतरावांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

तात्यापाऱ्यात शर्मिष्ठानं गाडी बुटक्या भिंतीला अगदी चिकटवून उभी केली. रविवार असल्यानं समोरची दुकानं बंद होती. कुंती फुलली होती. गाडीची काच खाली केली तसा वास सगळ्या गाडीत भरला. मारोतराव बाहेर उतरून टाचा उंचावून झाडात पाहू लागले. पानं इतकी दाट की आतलं काही दिसेना. आठ दिवस रस्त्यापलीकडून दिसलं नाही ते नवल नव्हतं.

“तिकडं नाही,” गाडीतून कुसुमताई म्हणाल्या. “खाली. बेचक्यात. शेपूट पाहा.”

मारोतराव वाकले. तिच्या डोळ्यांच्या रेषेत डोळे नेले, तेव्हा दिसलं. वाटीएवढं घरटं, त्यावर काळं डोकं, आणि बाहेर आलेली शेपटी, तिच्याखाली कुंकवासारखा लाल ठिपका. बुलबुल. गाडी इतकी जवळ येऊनही ती हलली नव्हती.

“अगंबाई, तुम्हीच का ते!” घरातून एक वयस्क बाई बाहेर आल्या. त्या मंजिरीबाई, त्या घराच्या मालकीण. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. “आठ दिवस समोर छत्री घेऊन बसत होता ना? आम्हाला वाटलं नगर निगमचे असाल, नाल्याचं माप घ्यायला आलात. मी तर तक्रार तयार करून ठेवली होती.”

मारोतराव ओशाळले. त्यांनी खड्डा, भिंत, खिडकी, सगळं सांगितलं. मंजिरीबाई ऐकता ऐकता गाडीच्या खिडकीशी गेल्या, आणि पुढचं त्या कुसुमताईंनाच सांगू लागल्या. “पंचवीस वर्षं झाली लावून, उंची पाहा, दहा फुटांच्या वर जात नाही. कापलं तरी रुसत नाही. या भिंतीला केसाएवढी चीर नाही. फुलं आता आहेत, थंडीत लाल फळं धरतात, ती हेच बुलबुल खातात. बारा महिने हिरवं, पानं दाट, म्हणून मांजराला आतलं दिसत नाही. दरवर्षी कोणी ना कोणी संसार मांडतंच. आम्ही धुणं वाळत घालायला हळूच बाजूनं जातो. तुमचं माहेर कुठलं हो?”

“आर्वी.”

“आर्वी? माझी आत्या दिली होती तिकडं!”

आणि मग जे सुरू झालं, ते मारोतरावांनी भिंतीला टेकून ऐकलं. आत्या कोणती, आळी कोणती, विहिरीचं पाणी गोड की मचूळ. कुसुमताई अडखळत होत्या, एखादा शब्द अर्ध्यात सोडून दुसरा धरत होत्या, पण थांबत नव्हत्या. मारोतरावांना कोणी काही विचारलं नाही. शर्मिष्ठानं स्टिअरिंगवर डोकं टेकून डोळे पुसले, आणि मंजिरीबाईंनी खिडकीतून चहा दिला तेव्हा सर्दीचं निमित्त सांगितलं.

तिथूनच मारोतरावांनी नर्सरीत फोन लावला.

“चेरी तो गाड़ी में चढ़ा दी, बाबूजी.”

“उतरवा. मधुकामिनी चढवा. मोठ्या थैलीतली, घनदाट पाहून.”

“दो सौ चिड़िया गिने थे न आप? अब क्या हुआ?”

“मेरी गिनती ग़लत थी, भैया,” मारोतराव म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी हे वाक्य वरिष्ठांनाही ऐकवलं नव्हतं. पण आज ते म्हणताना त्यांना हलकं वाटलं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी कुंती लागली. पाच फुटांची, भरलेली. खड्ड्याच्या कडेची शेवटची मूठभर माती कुसुमताईंनी खिडकीतून डाव्या हातानं टाकली. निम्मी खिडकीतच सांडली.

आणि नंतर काहीच झालं नाही. दिवाळी गेली, थंडी आली. झाडानं तग धरला, नवी पालवी काढली, पण पाखरू म्हणून बसलं नाही. मारोतराव रोज सकाळी झाडाभोवती फिरत आणि तोंड लहान करून आत येत. आपण हिला आशा लावली आणि फसवलं, असं त्यांना वाटे.

कुसुमताईंना मात्र कंटाळा नव्हता. “आज मुंग्यायनं रस्ता बदलला,” त्या सांगत. कधी पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असे. ती हिरवी होईपर्यंत त्यांनी चार दिवस पाहिली, आणि शर्मिष्ठाला ऑफिसातून आल्या आल्या बोलावून दाखवली. एक सरडा यायचा, त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं आणि ते विशालच्या साहेबाचं होतं. “येतीन,” त्या मारोतरावांना म्हणत. “तुमी फेऱ्या मारून राहिले मनून येत नसतीन. बसा गुपचूप.”

चैत्र लागला. गुढी उतरवून आठवडा झाला असेल. सकाळची पूजा उरकून मारोतराव पुढच्या खोलीत आले, तर कुंतीत काहीतरी हललं. ते खिडकीशी गेले. काळ्या शेंडीचं एक पाखरू चोचीत काथ्याचा लांब धागा घेऊन डहाळीवर बसलं होतं. त्याच्या मागोमाग दुसरं आलं. पहिलं झाडात शिरलं आणि बाहेर आलं ते रिकाम्या चोचीनं. मारोतरावांनी गज धरले, श्वास रोखला. कोणाला हात जोडावे ते कळेना, म्हणून ते नुसते उभे राहिले, छातीनं सगळी खिडकी अडवून.

“अहो,” मागून कुसुमताईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. “आडवे काहून उभे राहिले? सरका ना बाजूले. दिसून नाही राहिलं मले.”

मारोतराव बाजूला सरकले.